सर्जेराव उठला की ऑफिस उठायचं

कन्हेरीच्या सर्जेरावाला कंबर दुखणाऱ्या माणसाइतकं तुच्छ जगात दुसरं काही वाटत नसे. पाय मोडला, तर समजू शकतं. बैलानं लाथ घातली असेल. छातीत कळ आली, तर त्या दुखण्याला काही इभ्रत आहे. भावकी गोळा होते, गाडी काढावी लागते. पण कंबर? आणि तीही खुर्चीत बसून पगार घेणाऱ्याची?

"ऊसतोडीची बाई बघा," तो म्हणायचा. "दिस उगवल्यापास्नं वाकल्याली. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढती. तिची दुखत न्हाय. आन ह्या नाजूक नारींची दुखती. कशानं? तर बसून."

मग तो नाकातून असा एक आवाज काढायचा की समोरच्याला आपण जन्माला आल्याचीच लाज वाटावी. ऊसतोडीच्या बाईची कंबर दुखत नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. त्यानं तिला कधी विचारलेलं नव्हतं.

सर्जेराव साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कारकून होता. कारखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. बारामती सोडून इंदापूरच्या बाजूला निघालं की उसाच्या वर जी धुराडी डोकावतात, त्यांतलंच एक समजा. कुणाच्या उसाची लागण कुठल्या रानात, कुठल्या महिन्यातली, तोडीची पाळी कधी, हे सगळं त्याच्या टेबलावर ठरायचं. निदान शेतकऱ्यांची तशी समजूत होती, आणि सर्जेरावानं ती कधी खोडून काढली नाही. तरुणपणी तो हीच कामं सायकलवर करायचा. बांधाबांधानं हिंडायचा, उसात शिरून सऱ्या मोजायचा, पाचटानं हात सोलून निघायचे. पण काय चाल होती त्या काळी त्याची. जत्रेत आखाड्याजवळून गेला तर लोक पैलवान समजून वाट द्यायचे. असा देह नाटकमंडळीच्या नजरेला पडला असता तर पहिल्याच रात्री त्याला सेनापती केला असता, एक वाक्य बोलता आलं नसतं तरी. मग टेबल मिळालं. गावात पेढे वाटले. त्या दिवशी सर्जेराव जो बसला, तो बसलाच.

त्या ऑफिसात बसण्याला काही किंमत नव्हती. किंमत होती उभं राहण्याला. संचालकांची गाडी आवारातल्या खडीवर वाजली की शिपाई झुंबर दारात खाकरायचा, आणि सगळ्या खुर्च्या एकदम मागं सरकायच्या. मोबाइल कागदांखाली जायचे, तंबाखू गालातल्या गालात गप्प व्हायची, चेहऱ्यांवर एक ओलसर हसू यायचं. जुन्या वगात राजा दरबारात शिरायचा तेव्हा उभं राहायला दोन भालदार असायचे. तेही एका रात्रीच्या बिदागीवर, आणि खेळ संपला की तेच राजाकडं विडी मागायचे. इथं अख्खा दरबार महिन्याच्या पगारावर उभा राहायचा आणि खेळ कधी संपतच नव्हता. एरवी मात्र कुणी ताठ उभं राहत नसे. चहाला जायचं तरी माणसं अर्धी वाकून भिंतीकडेनं सटकायची. ताठ उभं राहणं वरच्यांसाठी राखून ठेवलेलं होतं.

अशा ठिकाणी, अशा माणसाची कंबर धरली.

आधी नुसता बारीक ठणका होता. मग खुर्चीतून उठताना तोंडातून शब्दाऐवजी हवा यायला लागली. बसून कंबर दुखते हे कबूल करणं म्हणजे इतक्या वर्षांची सगळी थट्टा स्वतःच्या अंगावर उलटवून घेणं. म्हणून त्यानं सांगितलं, घरी खताचं पोतं उचललं, लचक भरली. ऑफिसात माना हलल्या. पोतं उचलून दुखणाऱ्या कमरेला मान आहे. पुढं प्रत्येक वेळी सांगताना ते पोतं वजनानं वाढत गेलं, आणि शेवटी त्यानं दोन पोती एकदम उचलल्याचं निकिताला सांगितलं. निकिता शेजारच्या टेबलावर बसायची. ती नुसतं "हं" म्हणाली.

घरी द्वारकाबाईनं वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि नवऱ्याची कंबर शेकत विचारलं, "अवो, पोतं कुठलं? परवा पेंडीचं पोतं बी मीच वढलं की."

"तू गप शेक."

चार दिवस शेकून काही होईना, तेव्हा तिनंच त्याला बारामतीला उत्कर्षा नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं नेलं. लेकीच्या वयाची पोरगी बघून सर्जेरावाचं नाक आपोआप वर गेलं. तिनं त्याला झोपवलं नाही, सुई दाखवली नाही. एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "ऑफिसात बसता तसं बसा." तो बसला. तिनं मागून जाऊन त्याच्या पँटच्या खिशातलं पाकीट बाहेर काढलं. देवांचे फोटो, जुन्या चिठ्ठ्या, कुणाकुणाची कार्डं; पाकीट फुगून कणकेच्या गोळ्याएवढं झालेलं.

"ह्याच्यावर बसता तुम्ही? रोज?"

"मग काय डोस्क्यावर ठिवू?"

"ड्रॉवरमध्ये ठेवा. एका बाजूनं पाचर मारल्यासारखं होतंय. कॉम्प्युटर डोळ्यांच्या उंचीला आणा, आत्ता तुम्ही त्याला मुजरा घालताय. पाय पूर्ण टेकू देत. आणि दर अर्ध्या तासाला उठायचं. दोन मिनिटं ताठ उभं राहायचं, हात कमरेवर, हळूच मागं झुकायचं."

"इंजेक्शन?"

"नको. पण हे केलं नाहीत तर पायाला मुंग्या येतील. मग पाय बधिर पडेल. मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही, ऑपरेशनवाल्यांकडं जायचं."

जिना उतरताना सर्जेराव म्हणाला, "फी घिऊन हुबं ऱ्हा म्हनती. शाळंत मास्तर फुकट हुबं करत व्हतं."

पण ठणका ठणका असतो, त्याला विनोद कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं, पायांखाली वीट घेतली आणि कॉम्प्युटरखाली कारखान्याच्या जुन्या वार्षिक अहवालांची चळत रचली. आतल्या पानांवर फेटेवाले संचालक ओळीनं हसत होते. ते अहवाल कुणाच्या उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ असावी. मग अर्धा तास झाला, आणि सर्जेराव उठून ताठ उभा राहिला.

त्याबरोबर अख्खं ऑफिस उठलं.

खुर्च्या करकरल्या. कुणाचा तरी चहा लवंडला. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या आणि चेहऱ्यांवर ते ओलसर हसू आलं. दारात कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही एवढा मान बघून निघून गेलं.

"कोण आलं?" ऑफिसचा मुख्य दिग्विजय कुजबुजला. पोरगेला होता, पण संचालक आप्पासाहेबांचा भाचा, त्यामुळं त्याच्या खुर्चीला टॉवेल होता.

"कोण न्हाय," सर्जेराव म्हणाला.

"मग उठलात कशाला?"

"आसंच."

"असंच कुणी उठतं का?"

अर्ध्या तासानं तेच झालं. सगळ्यांना ठाऊक होतं की हा सर्जेरावच आहे, पण समजा नसला तर? ह्या शंकेनं आधी एक उठायचा आणि त्याच्या भीतीनं बाकीचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणसं दमून गेली. झुंबरला तर अपमानच वाटला. "मी खाकरल्याबिगर तुमी उठताच कसं?" तो म्हणाला. "मग मी दारात हाय कशाला?"

शेवटी दिग्विजयनं तोडगा काढला. सर्जेरावांनी उठायच्या आधी मोठ्यानं 'कंबर' म्हणायचं, म्हणजे बाकीच्यांनी बसून राहायचं. बसून दुखतं म्हणूनच उठावं लागतं हे त्याला कबूल करावं लागलं, आणि पोत्याची गोष्ट तिथंच फुटली.

"बसून दुखती व्हय?" झुंबर मान वाकडी करून म्हणाला. "नाजूक नार."

सर्जेरावानं ते गिळलं. दर अर्ध्या तासाला आपली लाज आपणच पुकारायची, चोपदारासारखी. पण कंबर निवत चालली होती. घरी वीट तापवायची गरज उरली नाही.

आणि मग एका दुपारी आप्पासाहेब आले. गाडी त्यांनी कँटीनपाशी सोडली होती, त्यामुळं खडी वाजली नाही. झुंबर चहा आणायला गेला होता, त्यामुळं खाकरायला कुणी नव्हतं. आणि बरोबर त्याच वेळी सर्जेराव "कंबर" म्हणून उठला होता.

आप्पासाहेब म्हणजे पांढरीशुभ्र विजार, पांढरा सदरा, पांढरे बूट. हातानं उसाचं एक कांडं कधी तोडलं नसेल, पण भाषणात 'आपल्या घामाचा ऊस' म्हणताना रुमालानं कोरडं कपाळ पुसायचे. त्यांनी दारातून पाहिलं. सगळं ऑफिस बसलेलं. कुणी मोबाइलात, कुणी जांभईत. आणि मधोमध एकच माणूस उभा, छाती पुढं, मान वर.

"ह्या ऑफिसात एका मानसाला रीत कळती," आप्पासाहेब म्हणाले.

आता बाकीचे असे उडाले की दिग्विजयच्या खुर्चीवरचा टॉवेल त्याच्या खांद्याला चिकटून आला. सर्जेरावाला खरं सांगता आलं असतं. त्यानं तोंडही उघडलं. आयुष्यभर इतरांच्या दुबळेपणावर नाक वाजवणारा हा माणूस, त्याच्या तोंडून निघालं, "समदा आपलाच आशीर्वाद, आप्पासाहेब."

दोन दिवसांनी बक्षीस आलं. संचालकांच्या हॉलमधली काळी, उंच पाठीची खुर्ची, वर पांढरा टॉवेल. झुंबर आणि आणखी एक जण ती पालखीसारखी घेऊन आले. इतकी मऊ की बसलं की माणूस आत बुडायचा आणि गुडघे हनुवटीशी यायचे. कमरेला कुठंच आधार नाही. पण कमरेला कोण विचारतं? सर्जेरावानं त्या खुर्चीतला फोटो सगळ्या भावकीला पाठवला. कन्हेरीची माणसं काम नसताना खिडकीशी येऊन बघून गेली. एक जण लासुर्ण्याहून आला आणि म्हणाला, "आता तुमी संचालकच की वो," आणि सर्जेरावानं हसून ते नाकारलं, म्हणजे नाकारलं नाही.

दर अर्ध्या तासाचं उठणं बंद झालं. "आप्पासाहेबांनी दिलेल्या खुर्चीतनं सारखं उठणं बरं दिसत नाही," दिग्विजय म्हणाला, आणि सर्जेरावाला ते पटलं. अशा गोष्टी माणसाला फार लवकर पटतात.

आधी डाव्या पायाला मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या, तेव्हा त्याला बरं वाटलं. एका संध्याकाळी तो घरी आला तर द्वारकाबाई त्याच्या पायांकडं बघत राहिली.

"दुसरी चप्पल कुठाय?"

त्यानं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता, धुळीनं भरलेला. चप्पल वाटेत कुठं निसटली, त्याला कळलंच नव्हतं.

"अवो," ती हळू म्हणाली, "आज चप्पल गेली ती कळली न्हाय. उद्या पाय गेला तर कळंल का?"

"तुला ऑफिसातलं काय कळतंय," असं तो म्हणाला, पण त्या वेळी नाकाचा आवाज नीट निघाला नाही.

पुढच्या आठवड्यात आप्पासाहेब आले ते वाजतगाजत. खडी वाजली, झुंबर खाकरला, सगळे उठले. रीत कळणारा माणूस म्हणून सर्जेरावानं सगळ्यांच्या आधी उठायला हवं होतं. त्यानं त्या मऊ खड्ड्यातून स्वतःला उपसलं, एक पाऊल पुढं टाकलं, आणि डावा पाय तिथं नव्हताच. तो पालथा पडला तो थेट त्या पांढऱ्या बुटांपुढं.

मग आप्पासाहेब खाली वाकले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आसू दे, आसू दे."

दिग्विजयनं हे पाहिलं. सर्जेराव पायावर लोटांगण घालतो आणि आपण सख्खा भाचा असून नुसते उभे? तो झटकन पुढं झाला आणि मामाच्या पायाला हात लावला. दिग्विजय वाकला म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहणं शक्य नव्हतं. रांग लागली. झुंबर दार सोडून आला. सर्जेराव मध्ये आडवा होता, त्यामुळं लोक त्याच्यावरून हात लांब करून नमस्कार करत होते. कुणाचा तरी बूट त्याच्या बोटांवर पडला.

"उचला मला," तो म्हणाला. "पाय गेलाय माझा."

"जरा थांबा," वरून एक आवाज आला, "माझं व्हायचंय."

जमिनीवरून सर्जेराव वर बघत होता. किती सहज वाकत होत्या ह्या सगळ्यांच्या कमरा. ज्या माणसांना त्यानं इतकी वर्षं कवडीच्या मोलाचं मानलं, त्यांच्याही खाली तो पडला होता, गाल फरशीला लावून. आणि ह्या दरबाराचा पहिला भालदार तोच होता. आपल्यालाच लोटांगणाचा मान दिला गेला आहे, आणि सगळ्यांना त्याचा हेवा वाटतो आहे, हे लक्षात आलं तेव्हा त्यानं तोंड फिरवून दुसरा गाल फरशीला लावला.

उत्कर्षानं पाय तपासला, टोचून पाहिला, कागदावर काहीतरी लिहिलं. रागावली असती तर सर्जेरावाला बरं वाटलं असतं. "पाय परत येईल," ती शेवटी म्हणाली, "पण आता एक दिवससुद्धा दवडायचा नाही. ती खुर्ची बंद. आणि उठायचं म्हणजे उठायचं, कुणी असो नसो."

थोडे दिवस घरी पडून तो परत आला. आल्या आल्या त्यानं काळी खुर्ची ढकलत भिंतीशी नेली आणि गोदामातून आपली जुनी लाकडी खुर्ची आणून मांडली.

"मामांना काय सांगायचं?" दिग्विजयनं विचारलं.

"सांगा, सर्जेरावाला मऊ बसाय येत न्हाय."

दर अर्ध्या तासाला तो उठू लागला, आणि आता उठताना काही पुकारत नसे. पहिल्या दिवशी निम्मं ऑफिस अर्धवट उठलं आणि अवघडून बसलं. मग सवय झाली. एका दुपारी तो उभा असताना निकिताही उठली, दाराकडं एकदा बघून घेतलं, आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"माझी बी दुखती," ती म्हणाली. "तुमची ती दोन पोती व्हायच्या आधीपास्नं."

सर्जेरावानं तिच्याकडं पाहिलं. "मग बोलली न्हाईस कधी?"

"तुमच्यापुढं?" निकिता म्हणाली.

सर्जेरावानं आपली खुर्ची मागं ओढून तिला जागा करून दिली.

आप्पासाहेब पुन्हा आले ते सर्वसाधारण सभेच्या तोंडावर. खडी वाजली, झुंबर खाकरला. सर्जेराव आधीच उभा होता. त्याची दोन मिनिटं नुकतीच सुरू झाली होती. सगळे उठले. आप्पासाहेब प्रसन्न होऊन बोलू लागले. सभेला गर्दी झाली पाहिजे, विरोधकांना बोलू द्यायचं नाही, आपल्या घामाचा ऊस. रुमाल कपाळाकडं गेला. सर्जेराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. दोन मिनिटं झाली.

तो बसला. पाय विटेवर टेकवले, पाठ सरळ केली.

आप्पासाहेबांचं वाक्य मधेच थांबलं. एखाद्या पात्रानं भर प्रवेशात भलतंच वाक्य टाकावं आणि प्रॉम्प्टरच्या हातून वही पडावी, तशी सगळ्यांची गत झाली.

"सर्जेराव," आप्पासाहेब म्हणाले, "मी हुबा हाय."

"दिसतंय की, आप्पासाहेब. माझी येळ झाली म्हनून बसलो. तुमी 'रीत कळती' म्हनला तवा बी तुमच्यासाठी हुबा नव्हतो, कंबरंसाठी हुबा व्हतो. आन त्या दिवशी पाया बी पडलो न्हाय, पाय वारला व्हता." तो शांतपणे बोलत होता, आवाज चढवला नाही. "आता अर्ध्या तासानं उठनार. तवर थांबायचं आसंल तर ती खुर्ची मोकळी हाय."

आप्पासाहेबांनी भिंतीशी असलेल्या काळ्या खुर्चीकडं पाहिलं. मग दिग्विजयकडं. दिग्विजय फरशीकडं बघत होता. काय करावं हे न सुचून झुंबर सवयीनं पुन्हा खाकरला, पण सगळे आधीच उभे होते, त्यांना ह्याहून जास्त उभं राहता येत नव्हतं.

आप्पासाहेब निघून गेले. सर्जेरावाची बदली होणार, तीही कुठल्या तरी आडबाजूच्या गट ऑफिसात, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळलं होतं, आणि त्यालाही. बाहेर गाडी खडीवरून वळली, फाटकातून गेली, आवाज विरला, तरी बसायची हिंमत कुणाला होईना. एकटा सर्जेराव बसलेला.

खिडकीशी एक म्हातारा शेतकरी इतका वेळ टोपी हातात धरून उभा होता.

"सायेब," तो चाचरत म्हणाला, "माज्या लागणीची नोंद करायची व्हती. येऊ का मागनं?"

"मागनं कशाला?" सर्जेरावानं कीबोर्ड जवळ ओढला. "हितंच करू. रान कुठलं, आबा?"